लान्झारोते: काळ्या राखेच्या बेटावर सहा दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको, पंधरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई मार्चअखेरीस माद्रिदहून लान्झारोतेला, म्हणजे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एकावर, सहा रात्री जाणार आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या अंडंही खात नाहीत, बाकी तिघांना मासे चालतात. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय, "काळे दगड नि वारा, दोन दिवसांत कंटाळाल." सहा दिवस खरंच लागतात का, राहायचं कुठे, खायचं काय?

मी बरीच वर्षं लहान गट घेऊन कॅनरी बेटांवर जातो. तुमच्या ओळखीचे कुठे उतरले असतील ते न विचारता सांगतो: प्वेर्तो देल कार्मेनच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात. एक दिवस बसच्या सहलीनं तिमानफायाचं ज्वालामुखी उद्यान बघितलं असेल आणि बाकीचे दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी खुर्चीवर काढले असतील. तसं राहिलं तर दोन दिवससुद्धा जास्त होतात.

आधी एक तारीख लक्षात ठेवा, म्हणजे बेटावर जे जे बघाल त्याचा उलगडा होत जाईल. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास तिमानफाया नावाच्या वाडीजवळ जमीन फाटली. उद्रेक थांबला तो एप्रिल १७३६ मध्ये, म्हणजे जवळपास सहा वर्षांनी. बेटाचा साधारण चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली गेला, त्यात गावं आणि बेटावरची उत्तम शेतजमीन होती. हे सगळं आपल्याला कळतं ते याइसा गावच्या पाद्रीमुळे. आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो त्याचं नाव. कोणत्या दिवशी कुठे तोंड फुटलं, लाव्हा कुठे वळला, गुरं कशी मेली, हे त्यानं टिपून ठेवलं आणि शेवटी गावकऱ्यांबरोबर तोही बेट सोडून गेला. १८२४ मध्ये आणखी एक छोटा उद्रेक झाला. त्यानंतर आजवर शांतता आहे.

आपला सह्याद्रीही बेसाल्टचाच, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. त्यावर माती बसली, झाडं आली, किल्ले झाले. इथला दगड तीनशे वर्षांचासुद्धा नाही. पाऊस वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर. त्यामुळे लाव्हा ओतून थिजला तसाच्या तसा पडलाय. त्यावर पहिलं काही उगवलं असेल तर ते करड्या रंगाचं दगडफूल. गोडा मसाला करणाऱ्या बाईला ते दाखवावं लागत नाही. आमच्या गटातल्या एक आजी गाडीतून उतरल्या उतरल्या खाली वाकून म्हणाल्या होत्या, "अगं बाई, हे तर आपलं दगडफूल!" नेमकी जात वेगळी आहे, पण भाऊबंद खरेच. (तोडू मात्र देऊ नका. दगड, वाळू, वनस्पती काहीही उचलायला बंदी आहे.)

आता राहण्याचं. बेट लांबीला साठ किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे सामान घेऊन दोन ठिकाणी हिंडायची गरज नाही. बहुतेक जण प्लाया ब्लांका, प्वेर्तो देल कार्मेन किंवा कोस्ता तेगीसे सुचवतील. ती तिन्ही पर्यटकांसाठी वसवलेली किंवा वाढवलेली ठिकाणं आहेत, वाईट नाहीत, पण संध्याकाळी तिथे तुम्हाला पर्यटकच भेटतील. मी तुम्हाला अरेसिफे सांगेन. ही बेटाची राजधानी, आणि नेमकी तीच लोक टाळतात. रेदुक्तोचा किनारा गावातच आहे, पाणी शांत, लाट फारशी नाही. चार्को दे सान हिनेस हे समुद्राचं आत शिरलेलं डबकं, भोवती पांढरी घरं आणि खाणावळी, पाण्यावर कोळ्यांच्या लहान होड्या. सासूबाईंना संध्याकाळी सपाट वाटेनं त्याला फेरी मारता येईल. ज्या दिवशी त्या दमतील त्या दिवशी तुम्ही बाहेर आणि त्या गावात, हेही जमतं. रिसॉर्टमध्ये अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाचे हाल मी पाहिलेत.

गाडी भाड्यानं घ्याच. बसला इथे ग्वाग्वा म्हणतात, ती गावागावांना जोडते, पण बघण्याच्या जागांना तिचा उपयोग कमी. गाडी घेताना दोन गोष्टी बघा. कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान बऱ्याच विम्यांत धरत नाहीत, आणि वाऱ्यानं दार उलटून झालेलं नुकसानही. दुसरी गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. फामाऱ्याच्या किनाऱ्यावर गाडी वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभी केली, दाराचा खटका सोडला आणि दार हातातून सुटून पुढच्या पत्र्यावर आपटलं. गाडीवाल्यांनी हसतहसत बिल हातात ठेवलं. तेव्हापासून माझा नियम आहे: गाडीचं नाक वाऱ्याकडे, आणि दार दोन्ही हातांनी उघडायचं. मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगा.

तिमानफायाला सकाळी दार उघडायच्या वेळेला पोचा, नाहीतर दुपारी तीननंतर जा. मधल्या वेळात गाड्यांची रांग रस्त्यावर येते. आत स्वतःची गाडी फक्त इस्लोते दे इलारिओ या टेकाडापर्यंत नेता येते. तिथून उद्यानाची बस सुमारे चौदा किलोमीटरचा फेरा घालते आणि त्यात कुठेही खाली उतरू देत नाहीत. लोक याबद्दल कुरकुरतात. मला ते पटतं, कारण त्या राखेवर उमटलेलं पाऊल वर्षानुवर्षं तसंच राहतं. शिवाय तुमच्या सासूबाईंसाठी हीच जागा सगळ्यात सोयीची: बसायचं आणि बघायचं. उजवी बाजू की डावी यावर वाद घालू नका, रस्ता इतका वळतो की दोन्हींकडे सारखंच येतं.

बस सुटण्याआधी किंवा नंतर कर्मचारी जमिनीची ऊब दाखवतात. हातावर उकरलेली खडी ठेवतात, ती लगेच दुसऱ्या हातात घ्यावी लागते. खळग्यात सुकं काटेरी झुडूप टाकलं की थोड्या वेळात ते आपोआप पेटतं. जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओतलं की क्षणभरानं वाफेचा फवारा धाडकन वर उडतो. इथे तेरा मीटर खोलीवर तापमान सहाशे अंशांच्या आसपास आहे. शेजारच्या एल दियाब्लो उपाहारगृहात एका विहिरीच्या तोंडावर जाळी ठेवून त्या उष्णतेवर कोंबडी भाजतात. तुमच्यापैकी कुणी ती खाणार नसेल तर विहीर बघा आणि कॉफी घेऊन निघा. खिडक्यांतून दिसणारं दृश्य कॉफीत वसूल होतं. वाटेवर उंटांची सवारी आहे, तीत मला मजा वाटत नाही. वीस मिनिटं हलत बसायचं आणि पुढच्या उंटाची पाठ बघायची.

पण बसच्या काचेतून पाहिलेला ज्वालामुखी अर्धाच. दुसरा अर्धा पायांनी बघायचा, आणि त्याला तिकीट नाही. उद्यानाच्या हद्दीबाहेर वोल्कान देल क्वेर्वो, म्हणजे डोमकावळ्याचा ज्वालामुखी, अगदी सोपा आहे. वाट जवळपास सपाट, बारीक खडीची, आणि मुखाची एक बाजू फुटलेली असल्यामुळे चढ न चढता थेट आत जाता येतं. आत उभं राहिलं की वारा एकदम थांबतो. १७३० च्या उद्रेकमालिकेतला हा सुरुवातीचाच एक. सासूबाई हळूहळू चालल्या तर अर्ध्या वाटेपर्यंत तरी नक्की येतील. मुलाला आणि तुम्हाला दम असेल तर एक सकाळ काल्देरा ब्लांकासाठी ठेवा. मांचा ब्लांकाजवळून वाट निघते, आधी लाव्ह्याच्या खडबडीत मैदानातून आणि मग कड्यावर. वर सुमारे एक किलोमीटर रुंदीचं प्रचंड वाडगं समोर येतं. सावली शून्य, त्यामुळे सकाळी आठला चालायला लागा. चपला नकोत, तळ जाड असलेले बूट हवेत. या मैदानांना तिथे मालपाईस म्हणतात, शब्दशः वाईट मुलूख, आणि ते नाव का पडलं हे घोटा मुरगळला की समजतं.

मांचा ब्लांकात एक साधं पांढरं देऊळ आहे, तिथे दहा मिनिटं थांबा. १७३६ मध्ये लाव्हा गावावर येत होता, तेव्हा लोक दोलोरेस मातेची, म्हणजे मेरीची, प्रतिमा घेऊन मिरवणुकीनं सामोरे गेले, वाटेत क्रूस रोवला, आणि लाव्हा थांबला अशी श्रद्धा आहे. लोकांनी देऊळ बांधायचा नवस बोलला आणि संकट टळल्यावर फेडायचा विसरले. मग अनेक वर्षांनी शेळ्या राखणाऱ्या एका मुलीला काळ्या वेशातली बाई भेटली आणि देवळाचं काय झालं म्हणून विचारून गेली, अशी गोष्ट सांगतात. आता दर सप्टेंबरात बेटभरातून लोक तिथे पायी येतात. ही गोष्ट सासूबाईंना मी सांगायची गरज पडणार नाही, तुम्ही सांगा, त्यांना पटकन समजेल.

आता ला हेरिया, म्हणजे बेटावरचा द्राक्षांच्या मळ्यांचा पट्टा. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा बेटावर यावं. उद्रेकानंतर जे शेतकरी उरले त्यांच्या लक्षात आलं की जिथे राखेचा थर पातळ आहे तिथे पीक आधीपेक्षा बरं येतंय. ही राख म्हणजे चुलीतली भुकटी नव्हे, काळी, हलकी, छिद्रांनी भरलेली खडी. तिला पिकोन म्हणतात. रात्रीच्या दमट वाऱ्यातलं दव ती धरते, खालच्या मातीला देते, आणि दिवसा झाकणासारखी वर पसरून मातीतलं पाणी उडू देत नाही. थोडक्यात पाऊस नसलेल्या बेटाला पाण्याची टाकी मिळाली. जिथे थर जाड होता तिथे शेतकऱ्यांनी जुनी माती लागेपर्यंत फनेलासारखे खड्डे खणले, कुठे कुठे तीन मीटर खोल, आणि प्रत्येक खड्ड्यात द्राक्षाचा एखादा-दुसरा वेल लावला. वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत, चुन्याशिवाय रचलेली. असे हजारो खड्डे काळ्या उतारांवर पसरलेत. मार्चअखेरीस वेलांना नुकती पालवी फुटलेली असते, काळ्यावर तो पोपटी रंग फार उठून दिसतो. खड्ड्यात यंत्र उतरत नाही, म्हणून छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं हातानं. पुढे बेटाच्या इतर भागांतले शेतकरी हीच खडी वाहून आणून आपल्या शेतांवर पसरू लागले. रस्त्यानं जाताना कांद्याची, बटाट्याची काळी शेतं दिसतील, ती अशी.

इथल्या मुख्य द्राक्षाचं नाव माल्वासिया वोल्कानिका. वाइन घेत असाल तर सुकी पांढरी मागा. घेत नसाल तरी एल ग्रिफो इथलं संग्रहालय बघा, १७७५ पासूनची वाइनरी आहे ती. खड्ड्यांत उतरून फोटो काढू नका, भिंतींचे दगड नुसते एकमेकांवर टेकलेले असतात.

खाण्याचं ऐका, कारण सासूबाईंची चिंता रास्त आहे पण उपाय आहे. बेटाचा मुख्य पदार्थच शाकाहारी आहे. पापास आरुगादास म्हणजे सुरकुतलेले बटाटे: छोटे बटाटे सालासकट, भरपूर मिठाच्या पाण्यात उकडायचे, पाणी टाकून भांडं आचेवर हलवायचं की सालावर मिठाचा पांढरा थर बसतो. साल काढू नका, त्यातच चव आहे. सोबत मोहो नावाची चटणी. लाल मोहोत सुकी मिरची, लसूण, जिरं, तेल, व्हिनेगर. हिरव्या मोहोत कोथिंबीर किंवा पार्सली, बाकी तेच. जिरं-लसणीमुळे पहिल्या घासाला ठेच्याची आठवण होते, तिखटपणा मात्र बेताचा. दुसरा ओळखीचा पदार्थ गोफिओ, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, आपलं सातूचं पीठच जणू. युरोपीय लोक यायच्या आधीपासून इथले मूळ रहिवासी ते खात होते. दुधात कालवून सकाळी खातात. सुपरमार्केटात एक पुडा घ्या, सासूबाईंची न्याहारी सुटली. साखर-मध वरून तुमचं तुम्ही.

खाणावळीत जपायचं ते रश्श्यांना. कडधान्याच्या किंवा पालेभाजीच्या रश्श्यात डुकराचं मांस असणं हे तिथे इतकं गृहीत असतं की सांगायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मिश्र सॅलडवर टूना पडतो. 'मांस नको' एवढं म्हटलं तर हॅम चालत असेल असं समजणारे वेटर मला भेटलेत. म्हणून तिन्ही शब्द म्हणा: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, म्हणजे मांस नको, मासे नको, हॅम नको. अंड्यासाठी वर सिन ग्वेबो. भाजलेलं शेळीचं चीज मोहोबरोबर सगळीकडे मिळतं आणि उत्तम असतं, पण चीज विरजायला प्राण्याचं रेनेट वापरलेलं असू शकतं, सासूबाई ते पाळत असतील तर विचारून घ्या. बदामाचं बियेनमेसाबे गोड आणि सुंदर, पण त्यात अंड्याचा बलक असतो. रताळी मात्र बिनधास्त. फामाऱ्याहून बेटाच्या मधोमध वाऱ्यानं उडत येणारा पांढऱ्या वाळूचा पट्टा आहे, त्या वाळूत ती पिकतात.

तुम्ही तिघं मासे खाणार, तर एल गोल्फो गावात समुद्राला लागून बसा आणि विएखा मागा. पोपट-मासा तो, मांस पांढरं आणि नाजूक, नुसता भाजलेला बरा. लापास म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, हिरव्या मोहोबरोबर तव्यावर चरचरत येतात. गावाच्या टोकाला हिरवं तळं आहे, काळ्या वाळूवर शेवाळामुळे हिरवंगार. वरच्या वाटेवरूनच बघायचं असतं. जवळच लोस एर्विदेरोस: लाव्हा समुद्रात शिरला तिथे झालेल्या कपारी, लाट मोठी असेल तर पाणी खालून उसळतं.

उत्तरेला एक पूर्ण दिवस द्या, जमलं तर दोन. इथे सेसार मान्रिके या माणसाची ओळख होते. अरेसिफेत १९१९ मध्ये जन्म, चित्रकार आणि शिल्पकार, न्यूयॉर्कला राहून १९६० च्या दशकात परतला. बेटावर पर्यटन येणारच होतं, ते कसं यावं हे त्यानं ठरवायचा प्रयत्न केला. घरं पांढरी, दारं-खिडक्या हिरव्या किंवा निळ्या, इमारती बुटक्या, रस्त्यांवर जाहिरातींचे फलक नाहीत, या सगळ्यामागे त्याचा आग्रह आहे. १९९२ मध्ये ताइचे इथल्या आपल्या घराजवळच मोटार अपघातात तो गेला. ते घर बघाच: लाव्ह्यातल्या पाच पोकळ बुडबुड्यांत त्यानं खोल्या केल्यात, आणि दिवाणखान्याच्या खिडकीतून थिजलेला लाव्हा आत आलेला दिसतो.

क्वेवा दे लोस वेर्देस आणि हामेओस देल आग्वा हे एकाच लाव्हा-नळीचे, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या भुयाराचे, दोन भाग, ला कोरोना ज्वालामुखीनं केलेले. पहिल्यात पायऱ्या आहेत आणि काही ठिकाणी वाकून जावं लागतं. सासूबाईंना नेऊ नका. मुलाला न्या, आणि शेवटी जे दाखवतात ते त्याला आधी सांगू नका. मीही इथे सांगणार नाही. हामेओसमध्येही पायऱ्या आहेत, पण सावकाश जमतील. आत खाऱ्या पाण्याचं तळं आहे आणि त्यात बोटाच्या पेराएवढे पांढरे, आंधळे खेकडे. पाण्यात नाणं टाकू नका, धातू गंजून ते मरतात.

मिरादोर देल रिओ या कड्यावरच्या बघण्याच्या जागेवरून खाली ला ग्रासिओसा बेट दिसतं. ढग उतरलेले असतील तर तिकीट काढू नका, काहीच दिसत नाही. ग्विनातेचा कठडा फुकट आहे आणि दृश्य जवळपास तेच. मुलगा हट्ट धरेल तर ओर्सोलाहून बोटीनं ला ग्रासिओसाला जा, अर्ध्या तासाचा प्रवास, डांबरी रस्ता नसलेलं बेट. पण खाडीत लाट असते, सासूबाईंना त्या दिवशी आरिया गावात ताडांच्या सावलीत बसवा. शनिवार असेल तर तिथे बाजारही भरतो. ग्वातिसाजवळ निवडुंगाची बाग आहे, खडी काढून रिकाम्या झालेल्या खाणीत मान्रिकेनं केलेली. बाहेरच्या शेतांतल्या फड्या निवडुंगावर पांढरी बुरशी दिसेल. ती बुरशी नाही, किडे आहेत. एक चिरडला की बोट किरमिजी होतं. एके काळी या रंगावर बेट जगलं.

तेगीसे ही जुनी राजधानी. रविवारी तिथे मोठा बाजार असतो, मला तो आवडत नाही, सगळीकडे मिळणाऱ्याच वस्तू असतात. इतर कुठल्याही दिवशी दुपारी जा, गल्ल्या तुमच्याच असतात. तिंप्ले या छोट्या तंतुवाद्याचं संग्रहालय आहे, मुलगा गिटार वाजवत असेल तर नक्की. पापागायोचे किनारे सुंदर, रस्ता कच्चा, विम्याचं वर सांगितलंय. मार्चमध्ये पाणी अठरा-एकोणीस अंश असतं, त्यामुळे पोहायचं ते मुलानंच.

होली वीक (ईस्टरआधीचा आठवडा) मार्चअखेरीस येत असेल तर तिमानफायाची आणि मान्रिकेच्या जागांची तिकिटं वेळ ठरवून आधीच घ्या. घड्याळ माद्रिदपेक्षा एक तास मागे करा, परतीच्या विमानाला त्यामुळे घोटाळा होतो.

शेवटची संध्याकाळ हानुबिओच्या मिठागरांसाठी ठेवा. पूर्वी तिथे बंदर होतं. १७३० च्या लाव्ह्यानं त्याचं तोंड बंद केलं आणि मागे खाऱ्या पाण्याचं तळं उरलं. १८९५ पासून त्याच्या काठावर मीठ पिकवतात. मासे खारवायला हे मीठ लागायचं, बर्फाची सोय झाल्यावर मागणी घटली आणि बरेच वाफे ओस पडले. जे चालू आहेत त्यांत सूर्य मावळताना गुलाबी, विटकरी, पांढरे चौकोन चमकतात. रस्त्याकडेच्या कठड्यावरून गाडीत बसूनही ते दिसतं. दगड नेता येत नाही, पण मीठ नेता येतं. जाड्या मिठाची पिशवी घ्या, मोठ्या सामानात टाका, आणि घरी पोचल्यावर लहान बटाटे सालासकट उकडायला ठेवा.